सुनीत आणि सँडविच

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास आमच्या महाविद्यालयात आनंद मेळावा भरतो. मुले-मुली घरून साहित्य आणतात, वर्गातली बाके मैदानात मांडून दुकाने थाटतात आणि दुपारपर्यंत सगळे विकून मोकळी होतात. त्याच वेळी पाककृतींची स्पर्धाही असते. मराठीचा माणूस निकालपत्र बऱ्या शब्दांत लिहून देतो, एवढ्याच कारणाने माझी परीक्षक म्हणून नेमणूक होत असावी. कारण स्वयंपाकाशी माझा संबंध तोपर्यंत पानावर बसण्यापुरताच होता. दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात मी एक निकाल लिहिला. तो चुकीचा होता असे आज माझे मत झाले आहे, आणि ती चूक केवळ चवीची नसून आपल्या वाङ्मयीन सवयींची होती, असेही वाटते. म्हणून हा लेख.

भीमेच्या काठच्या एका गावातून एस.टी.ने येणाऱ्या, द्वितीय वर्षाच्या एका मुलीने त्या दिवशी पाटी लावली होती : ‘मेडिटेरेनियन ग्रिल्ड सँडविच, ३० रुपये’. तिच्याकडे ग्रिलचे यंत्र नव्हते. लहान शेगडी, लोखंडी तवा आणि सँडविच दाबून धरायला पाण्याने भरलेले एक पातेले, एवढीच सामग्री. पावाच्या दोन कापांत वाटलेले काबुली हरभरे, भाजलेल्या वांग्याच्या चकत्या, ढोबळी मिरची, चक्का आणि वरून कसलीशी तपकिरी पूड. परीक्षक आम्ही तिघे. शहरातून आलेल्या पाहुण्या परीक्षक बाईंनी विचारले, ‘यात फेटा कुठे आहे? ऑलिव्ह कुठे आहेत?’ ती म्हणाली, ‘मॅडम, ते आपल्याकडे मिळत नाही. पण चक्का तसाच लागतो.’ आम्ही हसलो. पहिले बक्षीस ज्वारीची भाकरी आणि ठेच्याला गेले. निकालपत्रात त्या पदार्थापुढे मी लिहिले, ‘मातीशी नाते सांगणारा अस्सल पदार्थ’. सँडविचपुढे एकच शब्द लिहिला, ‘अनुकरणात्मक’.

निकाल फलकावर लागल्यावर ती मुलगी मला व्हरांड्यात भेटली. रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, ‘सर, तुम्ही हे कधी करून पाहिलंय का? नाही ना? मग कशाचं अनुकरण ते कसं कळलं?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मूळ पदार्थ मी खाल्लेला नव्हता आणि नक्कल कशी करतात हेही पाहिलेले नव्हते. तरीही ‘अनुकरणात्मक’ हा शब्द माझ्या लेखणीतून सहज उतरला, कारण तो आमच्या धंद्यातला शब्द आहे. कवितेत परकी प्रतिमा दिसली, कादंबरीत अनोळखी निवेदनतंत्र दिसले की हा शब्द वापरायचा, ही आमची जुनी रीत. आणि त्याच्या जोडीला ‘अस्सल’ हा दुसरा शब्द. विशेष म्हणजे हा ‘अस्सल’सुद्धा अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. आपल्या शुद्धतेचे प्रमाणपत्र आपण ज्या शब्दात लिहितो तोच मुळात पाहुणा आहे!

या दोन शब्दांची तपासणी करायची तर आधी बक्षीस मिळालेल्या पदार्थापासून सुरुवात केली पाहिजे. ज्वारी हे धान्य माणसाने प्रथम आफ्रिकेत लागवडीखाली आणले. तिथून ते भारतात आले, तेही काही हजार वर्षांपूर्वी. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींपूर्वी ती आपल्याकडेच काय, युरोपातही नव्हती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. ठेच्यात शेंगदाणे घातले असतील तर तेही दक्षिण अमेरिकेतले. म्हणजे ‘मातीशी नाते सांगणारा’ जो पदार्थ मी गौरवला, त्याचे नाते निदान दोन परक्या खंडांच्या मातीशी होते. याउलट ज्या सँडविचला मी अनुकरण म्हटले त्यातले वांगे याच उपखंडातले आणि तीळही इथलाच. हरभरा पश्चिम आशियातला खरा, पण तो इतका मुरलेला आहे की त्याच्या डाळीच्या पुरणावाचून आपली होळी साजरी होत नाही.

वांग्याचा प्रवास तर भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. संस्कृतातल्या ‘वातिंगण’ या शब्दाचे फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबांनी त्याला ‘अल्-बादिंजान’ केले. अरबांबरोबर वांगे स्पेनमध्ये पोचले आणि तिथून फ्रेंचांचे ‘ओबर्जिन’ तयार झाले. त्याच अरबी शब्दाचा पोर्तुगीज अवतार ‘बेरिंजेला’; तो पोर्तुगीजांबरोबर पुन्हा भारतात आला आणि इंग्रजीच्या तासाला आपण पाठ केलेला ‘ब्रिंजल’ झाला. आपलेच वांगे भूमध्य समुद्राची प्रदक्षिणा घालून, नाव बदलून, आपल्याच पाठ्यपुस्तकात परत आले. लेबनॉन-सीरियाकडे विस्तवावर वांगे भाजून, सोलून, त्यात तिळाचे वाटण आणि लसूण घालून ‘बाबा गनूश’ करतात. आपण वांगे भाजून, सोलून, त्यात दाण्याचे कूट किंवा दही घालतो आणि भरीत म्हणतो. यातले अनुकरण कोणाचे?

आणि ‘भूमध्य समुद्राची चव’ म्हणून जी एक वस्तू आज दाखवली जाते, ती तरी कुठे एक आहे? त्या समुद्राभोवती वीसहून अधिक देश आहेत. इटलीच्या ज्या टोमॅटोवर आपण भाळतो तो सोळाव्या शतकाआधी इटलीने पाहिलेला नव्हता. टोमॅटोशिवायचा इटालियन स्वयंपाक आणि मिरचीशिवायचा मराठी स्वयंपाक या दोन्ही गोष्टी आज कल्पनेत आणणे अवघड. पण पाचशे वर्षांपूर्वी दोन्ही वस्तुस्थिती होत्या. तेव्हा भूमध्याची चव हाही एक मिलाफ आहे, फक्त तो पुरेसा जुना झाल्यामुळे त्याला परंपरा म्हणतात.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण मी शिरूरला राहतो आणि दौंड तालुक्यात शिकवतो, आणि या पट्ट्याचा इतिहास पाहिला तर माझा निकाल अधिकच ओशाळवाणा ठरतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. त्या लोकांचे मुख्य पीक जव होते. गहू, मसूर, वाटाणाही होता. जव, गहू आणि मसूर ही पिके मुळात पश्चिम आशियातली, भूमध्याच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रदेशातली. घोडनदीच्या काठच्या माणसाने ज्वारीची भाकरी थापली त्याच्या कितीतरी आधी तो जवाच्या रूपाने पश्चिमेचे धान्य खात होता. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यातल्या चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघाला दान दिले ते भोजनमंडपाचे. हे यवन मूळचे ग्रीक, की पश्चिमेकडून आलेले आणखी कोणी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्या नावाच्या माणसाला इथल्या भिक्षूंनी जेवावे कुठे याची काळजी वाटली आणि त्याने ती प्राकृतात, ब्राह्मी लिपीत दगडावर कोरून ठेवली, एवढे निश्चित. त्या मंडपात काय शिजत होते कोण जाणे. पण त्याच्या दातृत्वापुढे ‘अनुकरणात्मक’ असा शेरा कोणी मारला नसावा.

तिसरे उदाहरण माझ्या रोजच्या वाटेवरचे आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाताना केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शेतांतून उसाची गाडी गुऱ्हाळाकडे वळत असते, चिमणीतून धूर निघत असतो आणि त्या धुराला गुळाचा वास असतो. अशा या गावात बसून रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. सामान्य, थोडे शिकलेल्या बायकांनाही कळावे असे ते सोपे मराठी असावे, हा त्यांचा आग्रह होता. पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. भूमध्याच्या काठावरचे एक अख्खे जग, त्याची तेले, द्राक्षे, मासे आणि रोट्या यांसह, दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी झाले, ही घटना मराठीच्या अभ्यासकाने किती वेळा वर्गात सांगितली आहे? मी तरी त्या दिवसापर्यंत एकदाही सांगितली नव्हती.

मराठी बायबलाच्या प्रचलित भाषांतरात दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. ऑलिव्हला तिथे ‘जैतून’ म्हटले आहे. जे झाड इथे नाही त्याचे नाव अरबीतून आलेले, उर्दू-हिंदीत रुळलेले घेतले, आणि ते ठीकच झाले. वस्तूच नाही तर घरगुती नाव कुठून आणणार? पण गव्हाच्या पावासाठी शब्द घेतला तो मात्र ‘भाकर’. गॅलिलीच्या किनाऱ्यावरच्या माणसाची रोटी भाकरीसारखी दिसत नव्हती, ज्वारीची तर नव्हतीच. पण भूक, कष्ट आणि रोजचे अन्न ही जी त्या शब्दामागची गोष्ट आहे, ती मराठीत ‘भाकर’ या शब्दातच राहते. ‘पाव’ म्हटले असते तर वस्तू बरोबर आली असती आणि अर्थ हुकला असता. भाषांतराचे सगळे शास्त्र या दोन शब्दांत आहे : कुठे पाहुणा शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि कुठे घरचा शब्द पुढे करायचा. त्या मुलीने फेट्याच्या जागी चक्का वापरला तेव्हा तिने नेमके हेच केले होते. नाइलाज होता म्हणून केले असेल. पण मोठ्या भाषांतरकारांचे निर्णयही पुष्कळदा नाइलाजातूनच झालेले असतात.

आता आपल्या अभ्यासक्रमातल्या उदाहरणाकडे वळू. सॉनेट हा काव्यप्रकार तेराव्या शतकात सिसिलीत, म्हणजे भर भूमध्य समुद्रात, जन्मला. पेट्रार्कने तो इटलीत घडवला, सोळाव्या शतकात तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीच्या वाटेने मराठीत आला. केशवसुतांची १८९२ मधली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही मराठीतले पहिले सॉनेट मानली जाते. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात या प्रकाराला बहर आला. पण मराठी कवींनी इंग्रजी वृत्त उचलले नाही. चौदा ओळींची चौकट घेतली, विचाराला मध्येच वळण देण्याची युक्ती घेतली, आणि वृत्त बहुतांशी वापरले ते शार्दूलविक्रीडित! नावही कसे निवडले पाहा. ‘सुनीत’ या शब्दात सॉनेटचा आवाजही आहे आणि ‘नीट नेलेले’ हा संस्कृत अर्थही. भूमध्याची चौकट, संस्कृताचा ताल आणि मराठीचा अर्थ. या मिश्रणाला आपण फ्युजन म्हणत नाही, बी.ए.च्या विद्यार्थ्याला ‘मराठी कवितेची परंपरा’ म्हणून शिकवतो. केशवसुतांना जे श्रेय आपण देतो ते भीमेकाठच्या मुलीला का नाकारतो?

याचे उत्तर काहीसे अप्रिय आहे. मिश्रणाला आपल्या भाषेत जेवढे शब्द आहेत तेवढ्या त्याच्या पायऱ्या आहेत. संगीतात, महागड्या उपाहारगृहात, प्रतिष्ठितांच्या हातून झाले की ‘मिलाफ’, ‘संगम’ किंवा सरळ ‘फ्युजन’. दुकानदाराने केले की ‘भेसळ’. शिकू पाहणाऱ्या माणसाने केले की ‘अनुकरण’. आणि ज्याला आपण बरोबरीचा मानतच नाही त्याने केले की ‘धेडगुजरी’, ज्या शब्दात एका जातीची हेटाळणी उघड बसलेली असूनही समीक्षेत तो आपण वर्षानुवर्षे वापरत आलो. कृती एकच, शब्द चार. आणि शब्द ठरतो तो करणाऱ्याच्या जागेवरून. हाच पदार्थ पुण्याच्या एखाद्या कॅफेत तीनशे रुपयांना मिळाला असता तर पाहुण्या बाईंनी चक्क्याला दाद दिली असती, आणि मीही दिली असती.

यापेक्षाही एक खोल चूक आहे. ती मुलगी खेड्यातून येते, म्हणून तिने खेड्यातले करावे अशी आमची अपेक्षा होती. भाकरी-ठेचा आणला असता तर तिला ‘अस्सल’ म्हटले असते. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपण हीच वागणूक लेखकांना दिली आहे. खेड्यातून आलेल्या लेखकाने दुष्काळ, गावगाडा, बोली लिहावी. त्याने परकीय कादंबरीशी झुंज घेतली, शहरी मनाचा गुंता मांडला की ‘याची नाळ तुटली’ अशी हळहळ सुरू होते. नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीचाही आपण सोयीस्कर, उथळ अर्थ लावला. मला कळलेला देशीवाद असा : बाहेरचे घ्यायचेच नाही असे तो म्हणत नाही; घेताना आपल्या पायांवर उभे राहून घ्या, आपल्या गरजेने घ्या, एवढे म्हणतो. आम्ही त्याचे कुंपण केले आणि ते कुंपण नेमके त्यांच्याभोवती घातले ज्यांना बाहेर पडण्याची सर्वांत जास्त गरज आहे. ज्या तालुक्यांत रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत, जिथल्या दौंड जंक्शनवरून रात्रंदिवस देशभराच्या गाड्या जातात, तिथल्या वीस वर्षांच्या मुलीने जगाची चव घेऊ नये, असे म्हणणारे आम्ही कोण?

याला एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. नावाला काही अर्थ असतो की नाही? चक्क्याला फेटा म्हणून विकले, तिळाच्या तेलाला ऑलिव्ह म्हणून विकले तर ती फसवणूक नव्हे काय? नक्कीच. ‘फेटा’ हे नाव युरोपीय संघाने २००२ पासून ग्रीसमधल्या ठरावीक प्रदेशांत, ठरावीक दुधापासून केलेल्या चीजपुरते राखून ठेवले आहे. तिथल्या मेंढपाळाच्या श्रमाला त्या नावाचे संरक्षण आहे, जसे आपल्याकडे हापूसला किंवा नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे. नाव हे वचन असते. पण म्हणूनच त्या मुलीचे उत्तर आता मला अधिक प्रामाणिक वाटते. तिने चक्क्याला चक्काच म्हटले. तिची पाटी चुकली असेल तर ती एका शब्दापुरती. ‘मेडिटेरेनियन’ या शब्दाने तिने काहीसे मोठे वचन दिले. पण तो शब्द तिने लिहिला कारण ‘वांगे-चक्का सँडविच’ लिहिले असते तर कोणी थांबले नसते. परके नाव लावल्याशिवाय आपल्या वस्तूकडे कोणी वळत नाही, हा दोष ग्राहकाचा, आणि तो ग्राहक आपण घडवलेला आहे.

नाट्यवाङ्मयात या दोन्ही वाटा आपण मान्य केल्या आहेत. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला आणि डेस्डिमोनाची कमळजा. पुढे शिरवाडकरांनी ‘ऑथेल्लो’ मूळ नावानेच मराठीत आणला. पहिले रूपांतर, दुसरे भाषांतर. एकाला दुसऱ्याच्या कसोटीवर नापास करायचे नसते. ‘झुंझाररावा’त व्हेनिस कुठे आहे असे विचारणारा परीक्षक आपल्याला हास्यास्पद वाटेल. मग ‘यात फेटा कुठे आहे’ हा प्रश्न शहाणपणाचा कसा? रूपांतराची कसोटी एकच : नव्या जागी ते उभे राहते का? आणि ही कसोटी खाऊन, करूनच लावता येते.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते करायला घेतले. घरी आधी थट्टा झाली, मग मदत झाली. पहिल्या तीन वेळा मी नापास झालो, आणि ते कसे हे सांगणे कर्तव्य आहे, कारण ‘अनुकरण’ म्हणून जे मी झटकले होते त्यात किती निर्णय असतात हे मला तेव्हाच कळले. काबुली हरभरे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, बोटांत सहज चिरडतील इतके मऊ शिजवावे लागतात. गरम असतानाच तीळ, लसूण, लिंबू आणि मिठाबरोबर वाटावे लागतात. पहिल्या खेपेला मी तीळ लाल होईपर्यंत भाजले आणि सगळे वाटण कडू झाले. तिळाला केवळ ऊब द्यायची, रंग बदलू द्यायचा नाही. दुसऱ्या खेपेला वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून पाणी काढून टाकायला विसरलो. तव्यावर त्यांनी पाणी सोडले आणि पाव लगदा झाला. तिसऱ्या खेपेला आच मोठी ठेवली. बाहेरून कोळसा, आतून थंडगार. तेव्हा त्या मुलीच्या पातेल्याचा अर्थ उमगला. मंद आच, वरून सारखे वजन, आणि प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे धीर. पावाच्या दोन्ही आतल्या बाजूंना हरभऱ्याचे वाटण लावायचे, म्हणजे भाज्यांचा ओलावा पावात शिरत नाही, चक्का मधोमध, तेल फक्त बाहेरून, आणि तेही शेंगदाण्याचे चालते. पाव आदल्या दिवशीचा बरा, ताजा दबून बसतो.

आणि ती तपकिरी पूड! तिकडे ‘झातर’ नावाचे एक मिश्रण असते : थाइमसारख्या रानवनस्पतीची वाळलेली पाने, तीळ आणि सुमाक नावाच्या फळाची आंबट भुकटी. मुलीने त्याजागी काय घातले होते हे आठवून आठवून जुळवले : ओवा, तीळ आणि कडकडीत वाळवलेल्या आमसुलाची पूड. नंतर वाचनात आले की थाइमचा जो विशिष्ट दरवळ आहे तो ज्या द्रव्याचा, तेच थायमॉल ओव्यातही मुख्य असते. तिने रसायनशास्त्र वाचलेले नव्हते. तिने वास घेतला होता. कुठेतरी एकदा ते चाखले असेल, नाहीतर फोनवर कृती पाहून कल्पना केली असेल, आणि आपल्या मिसळणाच्या डब्यात त्याचा भाऊ शोधला असेल. अनुवादक शब्दकोशात न सापडणारा शब्द आपल्या बोलीत शोधतो तो याच रीतीने. यापुढे ‘अनुकरण’ हा शब्द लिहिण्यापूर्वी मी दहा वेळा विचार करीन.

चौथ्या खेपेला सँडविच जमले. ते ग्रीसचे नव्हते, लेबनॉनचेही नव्हते. ते घोडनदीचे होते, भरताच्या जवळचे आणि तरीही भरीत नसलेले. जिभेला ओळखीचे वाटता वाटता ते मध्येच वळण घेत होते. सुनीताच्या आठव्या ओळीनंतर घेतात तसे.

मग माझे म्हणणे काय? सगळेच सारखे चांगले, कशातही काहीही मिसळा, असे नाही. वाईट मिश्रण असतेच. चीज ओतले की फ्युजन होत नाही, जसे दोन इंग्रजी शब्द टाकले की आधुनिकता येत नाही. पण चांगले-वाईट ठरवताना ‘हे कुठले आहे’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : करणाऱ्याला दोन्ही बाजूंची जाण आहे का, प्रत्येक बदलाला कारण आहे का, आणि झालेली वस्तू आपल्या पायांवर उभी आहे का? या तीन प्रश्नांना त्या सँडविचने उत्तर दिले असते. मी ते विचारलेच नाहीत. वर्गात उत्तरपत्रिका तपासताना, एखाद्या विद्यार्थ्याची पहिली कविता वाचताना मी ते किती वेळा विचारले नसतील, या विचाराने अस्वस्थ होतो. मेळाव्यातले बक्षीस ही क्षुल्लक गोष्ट. पण विसाव्या वर्षी वाचलेला एक शेरा माणूस चाळिशीपर्यंत बरोबर बाळगतो, हे आपण शिक्षक विसरतो.

पुढच्या वर्षी ती मुलगी तृतीय वर्षाला होती. जून महिन्यात तिला बोलावून मी सांगितले की निकाल चुकला होता, शेरा त्याहून चुकला होता, आणि मी ते चार वेळा करून पाहिले. डब्यातून नेलेले सँडविच तिच्यापुढे ठेवले. ते गार झालेले होते. तिने एक घास खाल्ला, जरा वेळ चावला आणि परीक्षकाच्या गांभीर्याने म्हणाली, ‘ठीक आहे सर. वांगं अजून थोडं भाजायला पाहिजे होतं.’

बरोबर होते तिचे.